तोतरेपणा, स्पीच थेरपी आणि डिझाइन थिंकिंग : न बोललेली वाक्यं मोजायची कशी?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज सवडीनं लिहितोय. धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीनच्या कंट्रोल पॅनेलचं डिझाइन करतो. कुठलं बटण कुठं असावं, हातात ग्लोव्ह घातलेल्या ऑपरेटरला ते नीट दाबता येईल का, फौंड्रीच्या धुरात लाल दिवा दिसेल का, हे बघायचं काम. आणि मी लहानपणापासून तोतरा बोलतो. गेल्या वर्षापासून आमचा एक छोटा गट रविवारी सकाळी राजारामपुरीत एकाच्या घरी जमतो. सगळे तोतरे बोलणारे, सोबत एक वाचाउपचारतज्ज्ञ. स्पीच थेरपीला डिझाइन थिंकिंगची पद्धत, म्हणजे आधी वापरणाऱ्याचा दिवस बघायचा, मग कच्चे नमुने करून तपासायचे, ही लावून बघायचा तिथं प्रयत्न चाललाय.

आधी थोडी माहिती, कारण गैरसमज फार आहेत. तोतरेपणा बहुतेकदा दोन ते पाच या वयात सुरू होतो. शंभरातल्या साधारण पाच मुलांना तो कधी ना कधी होतो, बहुतेकांचा पुढं जातो, आणि मोठ्या माणसांत शंभरात एकाचा राहतो. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे एकट्या शहरात आम्ही काही हजार जण आहोत. तुमच्या ओळखीत किती आहेत? एखादाच असेल, कारण गप्प बसण्यात आम्ही तरबेज असतो.

हा भित्रेपणा नव्हे, घरच्यांच्या धाकानं येत नाही, बुद्धीशी त्याचा काही संबंध नाही. बोलण्याचा ताळमेळ साधणाऱ्या मेंदूच्या भागांत फरक असतो आणि तो पुष्कळदा घराण्यात चालत येतो. २०१० मध्ये संशोधकांनी त्याच्याशी जोडलेली काही जनुकंसुद्धा दाखवून दिली. भीती येते ती नंतर, चारचौघं हसल्यावर.

आता मूळ मुद्दा. थेरपीच्या खोलीत उतारा वाचायला देतात, गप्पा मारतात आणि शंभर अक्षरांमागं किती वेळा अडखळला ते मोजतात. हे मोजमाप उपयोगाचं आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण त्यात बोललेलं तेवढंच येतं. जे बोललोच नाही ते कुठं धरायचं?

डिझाइनमध्ये पहिली पायरी म्हणजे उपाय बाजूला ठेवून माणसाचा दिवस बघणं. आम्ही प्रत्येकानं खिशात एक छोटी वही ठेवली. दिवसभरात जे बोलायचं होतं आणि बोललो नाही, किंवा ऐनवेळी बदलून दुसरंच बोललो, ते लिहायचं. कुठं, कुणापुढं, आणि त्याऐवजी काय केलं.

एकाच्या वहीतलं सांगतो, त्याच्या परवानगीनं. मटणाची थाळी समोर आहे. वाढपी दोन्ही बादल्या घेऊन टेबलापाशी येतो, "काय देऊ?" याला पांढरा रस्सा हवाय. ओठ 'प'वर मिटतात आणि उघडतच नाहीत. आवाज नाही, श्वास नाही, मान किंचित मागं जाते. वाढपी पुढच्या टेबलाकडं वळायला लागतो, तेवढ्यात हा "तांबडा" म्हणून मोकळा होतो. त्याला पित्ताचा त्रास आहे, तिखट सोसत नाही. तरी खातो. मित्रांची पक्की समजूत आहे की गड्याला तांबडाच आवडतो.

दुसऱ्याला केएमटीच्या बसनं मिरजकर तिकटीला उतरायचं असतं. 'म' अडतो, म्हणून तो गंगावेशचं तिकीट काढतो, जास्तीचे पैसे देतो आणि मधेच उतरतो. कंडक्टरला वाटतं, विसरभोळा आहे.

हा रश्श्यावाला दोस्त पूर्वी थेरपीला गेला होता तेव्हा मोजणीत जवळजवळ निर्दोष निघाला. त्याला 'सौम्य' म्हणून घरी पाठवलं. शब्द बदलण्यात तो इतका पटाईत आहे की अडखळणं कुणाच्या कानावरच पडत नाही. त्याच्या वहीची पानं मात्र सगळ्यात जास्त भरलेली.

वह्या वाचल्यावर आमचा प्रश्नच बदलला. 'अडखळणं थांबवायचं कसं' हा प्रश्न बाजूला ठेवला आणि 'याला पांढरा रस्सा मागता कसा येईल' हा घेतला. तो अडखळत मागितला तरी मागितलाच की. डिझाइनवाले याला समस्येची नव्यानं मांडणी म्हणतात. आमच्या गटात एवढ्या एका बदलानं बऱ्याच जणांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं.

मग कच्चे नमुने. आमच्या कंपनीत पत्रा कापायच्या आधी पुठ्ठ्याचं पॅनेल करून ऑपरेटरपुढं धरतात, चुकलं तर फाडून टाकायला काही वाटत नाही. तसं इथं एखादं वाक्य किंवा एखादी युक्ती घ्यायची, आठवडाभर खऱ्या दुकानात, खऱ्या फोनवर वापरायची आणि रविवारी येऊन सांगायचं.

पहिला नमुना होता समोरच्याला आधीच सांगून टाकायचा. "माफ करा, मला बोलायचा जरा प्रॉब्लेम आहे" असं म्हणून बघितलं. लोक कीव करायला लागले, आमची वाक्यं स्वतःच पूर्ण करायला लागले. मग माफी काढून टाकली. "मी अडखळत बोलतो, माझं वाक्य पूर्ण होऊ द्या." महाद्वार रोडवरचा भर गर्दीतला दुकानदार हातातलं मोजमाप थांबवून उभा राहिला. बाहेर झालेल्या अभ्यासांतही हेच दिसलंय, माफी न मागता सरळ सांगितलं तर ऐकणाऱ्याचं मत चांगलं होतं.

फोनचा नमुना जास्त अवघड गेला. समोरासमोर निदान चेहरा दिसतो. फोनवर आमचा अडकलेला शब्द म्हणजे पलीकडच्याला नुसती शांतता. "हॅलो, हॅलो" करून तो फोन ठेवतो. म्हणून पहिला शब्द मुद्दाम, हलकेच, आपल्या मर्जीनं अडखळून सुरू करायचा, म्हणजे पलीकडं माणूस आहे हे कळतं. काहींना हे जमलं. एकाला अजिबात आवडलं नाही, त्यानं सोडून दिलं. तेही आम्ही लिहून ठेवलं.

इथं कुणी थेरपिस्ट, शिक्षक, पालक, स्वतः तोतरे बोलणारे असाल तर लिहा. पटलं नाही तर तेही लिहा.

मंगळवारपेठकर

भावा, नाद खुळा धागा! वाचनखूण साठवली.

आमचा चुलतभाऊ गूळ करतो. मार्केट यार्डात सौदे निघतात तेव्हा आपल्या रव्यांबद्दल, म्हणजे गुळाच्या ढेपांबद्दल, दोन शब्द बोलायचे असले तरी हा गप्प. दर पडला तर "पटत न्हाई, थांबा" म्हणायचं असतं, पण तोंडातनं शब्द निघेपर्यंत सौदा पुढच्या ढिगाकडं गेलेला असतो. अडखळण्यापायी याचे पैसे जातात, ह्ये आम्हाला घरात बसून कधी सुचलंच न्हाई. आम्ही आपलं "सावकाश बोल की रं" एवढंच म्हणत आलोय. आज रात्री त्याला वाचून दाखवतो.

शिरोलीकर

मंगळवारपेठकर, एक विनंती. "सावकाश बोल", "श्वास घे", "घाबरू नको" हे प्रेमापोटीच म्हटलं जातं, पण आमच्या वह्यांत सगळ्यात जास्त वेळा खटकलेली वाक्यं हीच. त्यापेक्षा त्याच्याकडं बघत शांतपणे थांबा. आणि सौद्याचा विचार त्याला करू द्या. हात वर करायची खूण अडत्याशी आधीच ठरवता येईल का, हे तोच सांगू शकेल.

वाचाताई

मी वाचाउपचारतज्ज्ञ आहे, कोल्हापुरातच काम करते. धागा आवडला. पण काही ठिकाणी भर घालायची आहे आणि एका ठिकाणी तुम्हाला अडवायचं आहे.

भर आधी. थेरपी खोलीपुरतीच असते असं वाचणाऱ्यांना वाटू नये. अमेरिकन वाचाउपचारतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः तोतरे बोलत आणि विसाव्या शतकात त्यांनी जी पद्धत घडवली तिचा गाभा हाच आहे की अडखळणं लपवू नका, त्याची धार कमी करा. शब्द अडकला तर तो पूर्ण करून, थांबून, पुन्हा सैलपणे म्हणायचा. पुढची पायरी म्हणजे अडकलेल्या क्षणातूनच हळूच बाहेर सरकायचं. त्याच्याही पुढं, अवघड शब्द येताना दिसला की आधीच तोंडाचे स्नायू सैल ठेवायचे. मुद्दाम अडखळणंही थेरपीत जुनंच आहे. दुसऱ्या बाजूला बोलण्याची पूर्ण घडण बदलणाऱ्या पद्धती आहेत, म्हणजे स्वर लांबवायचे, सुरुवात मऊ करायची. खोलीत त्यांचा परिणाम झटकन दिसतो, पण रस्त्यावर, भांडताना, घाईत तो टिकवणं कठीण जातं. खोलीतलं कौशल्य बाहेर नेणं ही आमच्या क्षेत्राची जुनी डोकेदुखी आहे, म्हणून तुमची वही मला मोलाची वाटते.

न बोललेलं मोजायचं साधनही आहे. २००६ मध्ये यारस आणि क्वीसल या संशोधकांनी ओएसेस नावाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तोतरेपणामुळं माणसाच्या रोजच्या संवादावर आणि आयुष्यावर काय परिणाम झाला ते ती माणसालाच विचारते. तुमच्या रश्श्यावाल्या मित्राची ती भरून घेतली असती तर त्याला 'सौम्य' म्हणून कुणी घरी पाठवलं नसतं. लपवलेला तोतरेपणा आम्हाला माहीत असतो. तरी गर्दीच्या ओपीडीत वीस मिनिटांत तो निसटतो, हे मी मान्य करते.

आता अडवणं. 'नमुने करा, फसले तर फाडा' हे मोठ्या माणसांनी स्वतःवर, स्वतःच्या इच्छेनं करायचं. मुलांवर नाही. १९३९ मध्ये अमेरिकेत आयोवा इथं अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर एक प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगितलं गेलं की तुमचं बोलणं बिघडलंय. मुलं बोलायला कचरू लागली, आक्रसून गेली. आयोवा विद्यापीठातले संशोधक वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली हे झालं, आणि ते स्वतः तोतरे बोलत होते. विद्यापीठानं माफी मागितली ती २००१ मध्ये. आपला हेतू चांगला आहे आणि आपण स्वतः त्यातून गेलोय, एवढ्यानं दुसऱ्याच्या लेकरावर हात टाकायचा हक्क मिळत नाही.

फौंड्रीवाला

मला नाही पटलं. डिझाइन थिंकिंग म्हणजे भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावायच्या आणि सल्लागारानं बिल पाठवायचं, असं मी दोन कंपन्यांत बघितलंय. पाच पायऱ्या, पाच गोल, सुंदर स्लाइड. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातनं आलं म्हणून आपण लगेच डोक्यावर घ्यायचं? वही ठेवणं, दुकानात सराव करणं हे साधं शहाणपण आहे. त्याला मोठं नाव कशाला? माझे मामा जन्मभर तोतरे बोलले, त्यांना चिठ्ठ्यांनी काय फरक पडला असता?

शिरोलीकर

फौंड्रीवाला, तुमच्या मामांबद्दल वाचून वाईट वाटलं. नावाबद्दल माझा हट्ट नाही, साधं शहाणपण म्हटलं तरी चालेल.

पण शहाणपण आपोआप वापरलं जात नाही, त्याला शिस्त लागते. जयपूर फूट बघा. १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी तो घडवला. त्याआधीचे कृत्रिम पाय होते की, पण त्यांना बूट लागायचा, मांडी घालता यायची नाही, उकिडवं बसता यायचं नाही, चिखलात शेतावर जाता यायचं नाही. माणसं ते पाय कोपऱ्यात ठेवून कुबड्या घ्यायची. तांत्रिकदृष्ट्या पाय बरोबर होता, फक्त तो ज्याच्यासाठी होता त्याच्या घरी, रानात जाऊन कुणी बघितलं नव्हतं. डिझाइन थिंकिंग हे नाव तेव्हा जयपुरात कुणी घेतलं नसेल, पण काम तेच झालं.

मामांना चिठ्ठीनं फरक पडला नसता. पण त्यांना काय बोलायचं होतं आणि राहून गेलं, हे कुणी कधी विचारलं होतं का?

वाचाताई, अडवलंत ते बरं केलंत. आमच्या गटात अठराच्या आतलं कुणी नाही आणि आम्ही ते तसंच ठेवू.

शाहूपुरीची

पहिल्यांदाच इथं लिहितेय. मीही तोतरी बोलते.

मोठ्या माणसांत चार पुरुषांमागं एखादी बाई तोतरी बोलणारी असते, त्यामुळं मला माझ्यासारखी दुसरी कित्येक वर्षं भेटलीच नव्हती. स्वतःचं नाव हा सगळ्यात अवघड शब्द, कारण त्याला दुसरा शब्द घालता येत नाही. पार्सल सांगताना मी बहिणीचं नाव देते. बघण्याच्या कार्यक्रमात पहिला प्रश्न "नाव काय तुझं?" आणि माझं तोंड उघडं, डोळे मिटलेले. आई पटकन माझं नाव सांगून टाकायची. पाहुणे जाता जाता आईला बाजूला घेऊन विचारायचे, मुलीला काही 'त्रास' आहे का.

लग्न ठरलं तेव्हा मला लग्नाची भीती नव्हती, उखाण्याची होती. मी होणाऱ्या नवऱ्याला सरळ सांगितलं की मी उखाणा घेणार आहे, अडखळत घेणार आहे, आणि कुणी मधे बोललं तर तू हात वर करून थांबवायचंस. नाव आलं तिथं अडकले. सासरच्या बायका "घे घे, लाजू नको" म्हणायला लागल्या. त्यानं हात वर केला. सगळ्या गप्प बसल्या. मी तीन झटक्यांत नाव घेतलं, पूर्ण.

शिरोलीकर, तुमची भाषा वापरायची तर तो माझा नमुना होता, आणि त्यात निम्मं काम ऐकणाऱ्याचं होतं. माझ्या थेरपीत नवऱ्याला, सासूला, ऑफिसातल्या माणसांना कधीच बोलावलं नव्हतं. व्यायाम सगळा माझ्या एकटीच्या जिभेला.

शिरोलीकर

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'निम्मं काम ऐकणाऱ्याचं' हे रविवारी गटात मांडतो. पॅनेलवर चुकीचं बटण दाबलं गेलं तर आम्ही आधी पॅनेल तपासतो, ऑपरेटरला दोष देत नाही. बोलण्याच्या बाबतीत मात्र सगळी दुरुस्ती बोलणाऱ्याचीच करत आलोय.

चिऊचीआई

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तीन-चार महिन्यांपासून "म म म मला" असं करतो, कधी कधी पाय आपटतो शब्द येत नाही म्हणून. सासूबाई वेखंड उगाळून मधातून चाटवतात. शेजारच्या काकूंनी पोपटानं उष्टावलेला पेरू द्यायला सांगितलं. एकजण म्हणाले जिभेखालचा दोरा कापून घ्या. मी काय करू? वाट बघू का? इथलं वाचून वही-नमुने माझ्या मुलासाठी नाहीत एवढं कळलं.

वाचाताई

चिऊची आई, घाबरू नका, पण नुसती वाटही बघू नका.

या वयात सुरू झालेला तोतरेपणा बहुतेक मुलांचा जातो हे खरं आहे. कुणाचा जाईल हे मात्र आधी खात्रीनं सांगता येत नाही. मुलगा असणं, घरात कुणाला तोतरेपणा असणं, सहा महिने-वर्ष उलटूनही टिकणं, आणि तुम्ही लिहिलंत तसं शब्दाशी झगडणं, पाय आपटणं, या गोष्टी दिसल्या की आत्ताच दाखवून घ्यावं. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडं नोंदणी असलेली व्यक्ती आहे ना, तेवढं विचारून घ्या. तोतरेपणासाठी जिभेखालचा दोरा कापू नका, त्याचा याच्याशी संबंध नाही. वेखंड आणि पेरूनं तोतरेपणा जात नाही. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर त्यांना दुसरं काम द्या. रोज दहा मिनिटं नातवाशी निवांत, घाई न करता गप्पा मारायच्या, प्रश्नांची सरबत्ती नको. आजीइतकं हे कुणाला जमणार?

लहान मुलांसाठी लिडकम्ब प्रोग्रॅम म्हणून पद्धत आहे. सिडनीच्या लिडकम्ब उपनगरावरून नाव पडलं. साधारण सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी. उपचार घरात आई-बाबाच करतात, थेरपिस्ट दर आठवड्याला त्यांना शिकवत जाते. आई रोज शून्य ते नऊमध्ये एक आकडा लिहिते, शून्य म्हणजे आज अजिबात नाही, नऊ म्हणजे फारच. सहज बोललं की हलकं कौतुक, तेही ठरवलेल्या पद्धतीनं. हे इथं वाचून घरी सुरू करू नका, कौतुकाचं प्रमाण चुकलं तर मूल वैतागतं. शिकवणारी व्यक्ती हवीच.

शिरोलीकर, बघा, इथंही रोजची नोंद आहे आणि नोंद बघून पुढच्या आठवड्याचा बेत बदलणं आहे.

अभ्यासिका

सगळं पटतं, पण एक बाजू राहतेय. मी एमपीएससी करतोय. मुलाखतीत पॅनेलसमोर "मी अडखळत बोलतो, वाक्य पूर्ण होऊ द्या" म्हटलं तर ते खरंच थांबतील? ज्यांची नोकरी लागलीय, ज्यांचं लग्न झालंय, त्यांनी स्वीकाराच्या गोष्टी कराव्यात. मला अस्खलित बोलायचंय. माझी ही इच्छा चुकीची आहे का? मोबाइलवरचं आपलाच आवाज उशिरा ऐकवणारं ॲप लावलं की मी छान बोलतो, पण मुलाखतीला कानात हेडफोन घालून कसा बसू?

शिरोलीकर

अजिबात चुकीची नाही. तुमच्या जागी मीही हेच मागितलं असतं.

आमच्या गटातही यावर दोन तट आहेत आणि ते मिटलेले नाहीत. काहींना फक्त मोकळेपणानं बोलायचंय, अडखळणं राहिलं तरी चालेल. काहींना प्रवाही बोलणंच हवंय, आणि ते रोज स्वर लांबवण्याचा सराव करतात. डिझाइनमध्ये हे ठरवायचा अधिकार वापरणाऱ्याचा. तुमच्या वतीनं मी स्वीकार ठरवणं म्हणजे त्या बूटवाल्या कृत्रिम पायाचीच गत.

मुलाखतीबद्दल एक करता येईल. गटात खोटं पॅनेल बसवू. तीन अनोळखी माणसं, टेबल, पाण्याचा ग्लास, दार वाजवून आत येण्यापासून सगळं. एकदा आधी सांगून, एकदा न सांगता. दोन्ही वेळा पॅनेलवाल्यांना विचारायचं की उमेदवाराबद्दल काय वाटलं. तुमचा निर्णय त्यावरून तुम्ही घ्या.

वाचाताई

अभ्यासिका, ॲपबद्दल. उशिरा ऐकू येणाऱ्या आवाजाचा परिणाम खरा आहे, पण सगळ्यांना सारखा होत नाही आणि काहींचा सवयीनं ओसरतो. सरावात वापरा, त्यावर विसंबू नका. प्रवाही बोलण्याचा सराव आणि मोकळेपणा एकमेकांचे वैरी नाहीत. लपवायची धडपड कमी झाली की घसा सैल होतो, तंत्रही मग बरं बसतं. मुलाखतीला चार महिने असतील तर आजच सुरू करा, चार दिवस असतील तर नवीन तंत्राच्या नादी लागू नका. आणि 'सात दिवसांत तोतरेपणा गायब' अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे स्वयंसहाय्य गट देशातल्या बऱ्याच शहरांत चालतात, ऑनलाइनही जमतात. तिथं मुलाखती देऊन आलेली माणसं भेटतील.

खडूफळा

मी करवीर तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. उशिरा आलो, सगळं वाचलं.

तिसरीत माझा एक विद्यार्थी आहे. परिपाठाला सगळ्यांबरोबर "भारत माझा देश आहे" खणखणीत म्हणतो. तोच मुलगा पुढं येऊन प्रतिज्ञा सांगायची पाळी आली की पहिल्याच 'भा'वर थांबतो. मला वाटायचं, सभाधीटपणा कमी आहे. ज्योतिबाच्या यात्रेत "चांगभलं" म्हणताना याचा आवाज सगळ्यांच्या वर असतो.

वाचाताई

सर, एका सुरात बोलताना जवळजवळ प्रत्येक तोतरे बोलणाऱ्याचं अडखळणं कमी होतं. गाताना, आरतीतही तेच. सभाधीटपणाचा हा प्रश्न नाही.

खडूफळा

म्हणूनच विचारतो. परवापासून मी प्रतिज्ञा सांगायला सगळ्याच मुलांच्या जोड्या केल्यात. दोघांनी मिळून सांगायची. तो बोलला. हजेरीला ज्याला हवं त्यानं नुसता हात वर करायचा, हेही सुरू केलं. वाचाताई म्हणतात तसं मुलावर प्रयोग नको, म्हणून त्याला वेगळा काढला नाही, वर्गाचाच नियम बदलला. बरोबर केलं का?

खरी अडचण पुढं आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारचं निपुण भारत हे वाचन-गणिताचं अभियान आलं, तेव्हापासून तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. घड्याळ लावून वाचून घेतलं की हा वीसच्या आत राहतो. कागदावर तो 'वाचता न येणारा' ठरतो. त्याला धडा तोंडपाठ आहे हो. गोष्टीवरचे प्रश्न लिहायला दिले की सगळ्यांच्या आधी वही आणून देतो.

वाचाताई

बरोबर केलंत, वर्गाचा नियम बदललात हे तर फारच चांगलं. फक्त जोडी ही कायमची आडोशाची जागा होऊ देऊ नका. त्याला एकट्यानं सांगावंसं वाटलं तर हवा तेवढा वेळ द्या आणि इतर मुलांना थांबायला शिकवा. आणि आई-वडिलांशी बोलून थेरपिस्टकडं पाठवा.

वाचनाचं असं करा. घड्याळाची चाचणी घ्यावीच लागत असेल तर नोंदीत 'तोतरेपणा आहे' हे स्पष्ट लिहा. त्याच्याबरोबर आणखी दोन नोंदी जोडा. एक, मनातल्या मनात वाचून दिलेली लेखी उत्तरं. दोन, तुमच्याबरोबर एका सुरात वाचतानाचा वेग. तीन आकडे शेजारी ठेवले की हा मुलगा वाचतो की नाही ते तपासायला येणाऱ्या कुणालाही कळेल.

शिरोलीकर

सर, या तीन नोंदींचा एका पानाचा तक्ता मी करून देतो, हे माझं रोजचंच काम आहे. पण तो आधी तुमच्या हातात बघायचाय. पंचवीस-तीस मुलांच्या वर्गात, एका हातात घड्याळ असताना तो भरता येतो का, रकाने कुठं कमी पडतात, हे तुम्ही वापरून सांगितल्याशिवाय पक्का करणार नाही. मुलाचं नाव कुठंही नको. शनिवारी शाळा सकाळची असेल ना? सुटल्यावर येऊ का?

खडूफळा

या. साडेअकराला सुटते. मुख्याध्यापकांना सांगून ठेवतो. तिसरीच्या दुसऱ्या एक शिक्षिकाही येतो म्हणतायत, त्यांच्या वर्गात एक मुलगी आहे.